घ्राणकंद आणि मनोविकार: दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

मनोरुग्णाची तपासणी करताना त्याला कसले आवाज ऐकू येतात, काय दिसते, हे आवर्जून विचारले जाते. वास नीट ओळखता येतात का, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. या दुर्लक्षाला मोठा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात मेंदूविज्ञानातल्या एका दिग्गजापासून होते.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी १८७८ मध्ये मेंदूच्या आतल्या कडेने वळसा घेणाऱ्या भागाला लिंबिक खंड असे नाव दिले आणि त्याचे नाते वासाशी जोडले. अनेक सस्तन प्राण्यांचे मेंदू त्यांनी ताडून पाहिले. माणसाचा पुढचा मेंदू अवाढव्य आणि वासाचा पहिला थांबा असलेला घ्राणकंद मात्र चिमुकला, तेव्हा माणूस या संवेदनेत मागासलेला, असा त्यांनी निष्कर्ष काढला. हा निष्कर्ष निव्वळ आकारावरून काढलेला होता, माणसांना वास देऊन केलेल्या चाचण्यांवरून नव्हे. तरीही तो शतकभर पाठ्यपुस्तकांत टिकला. विज्ञानात इतके दिवस न तपासता चाललेली समजूत विरळाच म्हणावी लागेल.

दवाखान्यात मात्र वेगळेच दिसत होते. लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८८९ मध्ये चार्ल्स बीव्हर यांच्यासह एका स्त्रीची हकिगत प्रसिद्ध केली. झटका येताना तिला नसलेली दुर्गंधी जाणवे आणि स्वप्नात असल्यासारखी अवस्था होई. मृत्यूनंतर उजव्या कानशिलामागच्या मेंदूखंडात गाठ सापडली. खोटा वास आणि बदललेले भान एकाच जागेतून उगवू शकतात, याचा हा सुरुवातीचा ठोस पुरावा.

पुढे या सगळ्या भागाला सरसकट घ्राणमेंदू म्हणण्याची प्रथा पडली. १९३७ मध्ये अमेरिकेतील जेम्स पेपेझ यांनी त्यातलेच काही भाग भावनांच्या मंडलात गोवले. १९४७ मध्ये नॉर्वेचे आल्फ ब्रोडाल यांनी हिपोकॅम्पसचा, म्हणजे स्मृतीशी निगडित भागाचा, वासाशी संबंध जोडणारा पुरावा किती तोकडा आहे ते दाखवले आणि १९५२ मध्ये पॉल मॅक्लीन यांनी लिंबिक संस्था हे नाव रूढ केले. ही दुरुस्ती आवश्यकच होती. पण भावनांचा मेंदू चर्चेच्या मध्यभागी आला, तसा वास बाजूला पडला.

वास्तविक शरीररचना या दोघांना तोडू देत नाही. डोळा आणि कान यांचे संदेश आधी थॅलॅमस या मेंदूच्या मध्यातल्या संदेश-केंद्रात जातात, मग मेंदूच्या बाह्यपटलात. घ्राणकंदातून निघालेले तंतू थॅलॅमसला वळसा घालून थेट पिरिफॉर्म पटलात, म्हणजे वास हाताळणाऱ्या बाह्यपटलाच्या भागात, आणि भीती व भावनेशी निगडित अमिग्डालाच्या काही भागांत पोहोचतात.

या जवळिकीचे महत्त्व उंदरांनी दाखवून दिले. दोन्ही घ्राणकंद काढलेले उंदीर अनोळखी जागेत अस्वस्थपणे धावत राहतात, त्यांच्या सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन या मेंदूतल्या संदेशवाहक रसायनांच्या यंत्रणा बदलतात. नैराश्यावरची औषधे दीर्घकाळ दिली की हे वर्तन सुधारते, एका मात्रेने नाही, अगदी रुग्णांमध्ये दिसते तसेच. मला सर्वांत बोलका वाटतो तो पुढचा तपशील: नाकातील पेशी निकामी करून केवळ वास घालवला, तर हे सारे बदल तसेच उमटत नाहीत. म्हणजे नुकसान वास गेल्याने होत नाही, घ्राणकंदाचे इतर केंद्रांशी असलेले दुवे तुटल्याने होते.

माणसांमध्ये मोजमाप शक्य झाले ते १९८४ नंतर. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील रिचर्ड डोटी यांनी कागद खरवडून ४० वास ओळखण्याची चाचणी तयार केली. छिन्नमनस्कतेचे (स्किझोफ्रेनियाचे) रुग्ण तीत सातत्याने मागे पडू लागले. धूम्रपान आणि औषधांचा हा परिणाम असावा, ही शंका रास्त होती. पण औषध सुरू न झालेल्या रुग्णांतही उणीव आढळली. २००० मध्ये त्याच विद्यापीठातील ब्रूस ट्युरेट्स्की यांच्या गटाने एमआरआयवर रुग्णांचे घ्राणकंद सुमारे २३ टक्के लहान असल्याचे नोंदवले. मेलबर्नमध्ये २००३ साली वॉरिक ब्रुअर आणि सहकाऱ्यांना दिसले की, पुढे ज्यांना छिन्नमनस्कता झाली त्यांची वास ओळखण्याची क्षमता आजार उघड होण्याआधीच कमी होती. २०१० मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी तीव्र नैराश्यातही लहान घ्राणकंद पाहिले. नैराश्य जितके गहिरे, तितका कंद लहान.

म्हणून घ्राणकंद मोजून निदान करावे का? तसे अजिबात नाही. अशी घट एकाहून अधिक आजारांत दिसते आणि ती कारण की परिणाम, हे मोजमापातून कळत नाही. शिवाय २०१९ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील नोआम सोबेल यांच्या गटाने अशा काही स्त्रियांची नोंद केली, ज्यांच्या एमआरआयमध्ये घ्राणकंद दिसतच नाहीत, तरी त्यांना उत्तम वास येतो. आकारावरून क्षमता ठरवण्याची ब्रोकांची पद्धत इथेही अपुरी पडते. सध्या काही संशोधक कंदाऐवजी नाकाच्या आतील अस्तराकडे वळले आहेत: तिथे चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात आणि जिवंत रुग्णाकडून त्यांचा छोटा नमुना कवटीला हात न लावता घेता येतो.