पोटातल्या महाधमनीचा फुगा : एकदा मोजून घ्याच

स्कूटरच्या टायरला फुगा आला की पंक्चरवाला बजावतो, टायर बदला, कधीही फुटेल. आतली हवा तेवढीच असते, फक्त रबराचे एका जागचे बळ गेलेले असते. पोटातल्या महाधमनीचेही असेच होते. हृदयातून निघालेली ही मुख्य रक्तवाहिनी पाठीच्या कण्यापुढून खाली उतरते आणि बेंबीच्या आसपास दोन पायांकडे दुभंगते. पोटात तिचा व्यास साधारण २ सेंटिमीटर असतो. तो ३ किंवा अधिक झाला की डॉक्टर त्याला ॲन्युरिझम म्हणतात.

हृदयाचे दिवसाला लाखभर ठोके या भिंतीवर आदळतात. भिंतीवरचा ताण रक्तदाबावर अवलंबून असतो, तसाच नळीच्या रुंदीवरही. त्यामुळे रक्तदाब तोच राहिला तरी नळी रुंदावली की ताण वाढतो आणि ताणाने नळी आणखी रुंदावते. हे सगळे वर्षानुवर्षे बिनबोभाट चालते. फार तर एखाद्या सडपातळ माणसाला उताणे पडल्यावर बेंबीच्या वर धडधड जाणवते. फुगा फुटला की मात्र पोटात किंवा कमरेत एकाएकी असह्य कळ येते, दरदरून घाम सुटतो, भोवळ येते. ही कळ जांघेकडेही उतरू शकते, म्हणून मुतखडा वाटतो आणि घोटाळा तिथेच होतो. फुटल्यावर दहातले जवळपास आठ जण दगावतात, बरेचसे इस्पितळाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. गोव्यातल्या काणकोण किंवा सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावातून बांबोळीचे गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे इस्पितळ) काही जवळ नाही. साठी उलटलेल्या पुरुषाला अशी पहिलीच कळ आली तर पाणी पीत वाट बघू नये, थेट १०८ ला फोन करावा.

धोका कोणाला? पासष्टीपुढच्या पुरुषांना, त्यातही विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना सर्वाधिक. सोडून वीस वर्षे झाली तरी तो पुरता जात नाही. गोव्यात सार्वजनिक जागी धूम्रपानाला बंदी घालणारा कायदा १९९७ चा. आज पासष्टी गाठलेली पिढी तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर होती, म्हणजे पुष्कळांची ओढून झाली होती. वडील किंवा सख्ख्या भावाला हा आजार असेल तर धोका आणखी वाढतो. मधुमेह असलेल्यांत हा फुगा उलट कमी आढळतो, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नये. बायकांत प्रमाण बरेच कमी असले तरी त्यांचा फुगा लहान असतानाही फुटू शकतो.

इंग्लंडमध्ये पुरुषाला पासष्टाव्या वर्षी एकदा सोनोग्राफीसाठी बोलावतात. अमेरिकेत ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात निदान १०० सिगारेटी ओढलेल्या पुरुषांना ती सुचवतात. विड्याही त्यात मोजायला हरकत नसावी. ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयाच्या सुमारे ६७ हजार ८०० पुरुषांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या गटात या आजाराने होणारे मृत्यू चार वर्षांत ४२ टक्क्यांनी कमी भरले.

आपल्याकडे अशी राष्ट्रीय मोहीम नाही. पण या वयाचे कितीतरी पुरुष प्रोस्टेटसाठी सोनोग्राफीला जातातच. तेव्हाच डॉक्टरांना चिठ्ठीवर ‘पोटातील महाधमनीचा व्यास’ एवढे लिहून द्यायला सांगा. कारण सांगितले नसेल तर तो मोजला जाईलच असे नाही. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट किंवा रक्ततपासणीत हा फुगा दिसत नाही. प्रोस्टेटला मूत्राशय भरलेले लागते, महाधमनीला पोट रिकामे असलेले बरे. म्हणून सकाळी चहा-पाव न घेता, फक्त पाणी पिऊन जायचे. दोन्ही कामे एकाच फेरीत होतात.

तपासणी दहाएक मिनिटांची. छातीच्या हाडाखाली जेल लावून प्रोब बेंबीपर्यंत सरकवतात. पडद्यावर कण्यापुढे काळे गोल वर्तुळ दिसते, ती महाधमनी. जिथे ती सर्वांत रुंद असेल तिथे पुढून मागे मोजतात. चुका होतात त्या इथेच. दुधी तिरका कापला की चकती मोठी निघते, तसाच धमनीचा छेद तिरका पडला तर आकडा फुगतो. उलट फुग्याच्या आतून गोठलेल्या रक्ताचा थर असतो. तो सोडून नुसती वाहती पोकळी मोजली तर ५ सेंटिमीटरचा फुगा साडेतीनचा वाटू शकतो. अहवालात ‘गॅसमुळे महाधमनी दिसली नाही’ असे असेल तर ती तपासणी झाली असे धरू नका. पुन्हा उपाशीपोटी जा.

३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पासष्टीनंतर बहुतेकांना पुन्हा मोजायची गरज पडत नाही. ३ ते ४.४ ला वर्षाने, ४.५ ते ५.४ ला दर तीन महिन्यांनी, आणि ५.५ झाला की रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे, अशी इंग्लंडची पद्धत आहे. मापे शक्यतो एकाच ठिकाणी घ्यावीत. दोन केंद्रांच्या मोजण्याच्या पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो आणि फुगा वाढल्याचा भास होतो. लहान फुग्याला ऑपरेशन नको, कारण ऑपरेशनचा धोका फुटण्याच्या धोक्यापेक्षा जास्त असतो. या काळात धूम्रपान बंद आणि रक्तदाब आटोक्यात, एवढे पाळायचे.

अल्बर्ट आइनस्टाइन यांच्या फुग्याला १९४८ मध्ये सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी सेलोफेनचा कागद गुंडाळला होता. सहा वर्षांहून अधिक तो टिकला, १९५५ मध्ये फुटला. आता पोट उघडून कृत्रिम नळी शिवतात किंवा जांघेतल्या धमनीतून स्टेंट लावलेली नळी आत सरकवतात. दुसऱ्या पद्धतीत माणूस लवकर घरी जातो, पण नळीच्या कडेने रक्त पाझरू शकते, म्हणून स्कॅन कायमचे करत राहावे लागतात.

फुगा निघालाच तर तो आकडा तारखेसह फाइलीत लिहून ठेवा आणि सख्ख्या भावांनाही कळवा, ते मुंबईत असोत की आखातात.