न्यूयॉर्कच्या हार्नेस शर्यती : बदलत गेलेले वेळापत्रक आणि दुरावलेले गाव

न्यूयॉर्क शहराच्या उत्तर सीमेला लागून असलेल्या यॉंकर्स येथील रेसवेवर, म्हणजे हार्नेस घोडाशर्यतींच्या मैदानावर, 2010 च्या दशकात रविवारी, दुपार होण्याच्याही आधी, शर्यती सुरू करण्याचा प्रघात पडला. रात्रीच्या दिव्यांखाली धावण्यासाठी ख्याती पावलेला हा खेळ सकाळवर का आला, याचे उत्तर यॉंकर्समध्ये नव्हते. त्या वेळी फ्रान्समध्ये संध्याकाळ असते, आणि तेथील पैज लावणाऱ्यांना या शर्यतींवर पैसे लावता यावेत, म्हणून ही वेळ निवडली गेली होती. शर्यतीचे अंतरही नेहमीच्या एका मैलाऐवजी सव्वा मैल ठेवण्यात आले आणि मैदानात अधिक घोडे उतरवण्यात आले, कारण फ्रेंच पैजकरांची सवय तशी आहे. समुद्रापलीकडच्या ग्राहकासाठी वेळ ठरवली जाते आणि धावपट्टीच्या कडेला राहणारा माणूस त्या हिशेबात कुठेच नसतो, ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. तिच्यामागे सात दशकांचा इतिहास आहे.

हार्नेस शर्यतीत स्वार घोड्याच्या पाठीवर बसत नाही. ‘सल्की’ नावाच्या दोन चाकांच्या हलक्या गाडीत बसून तो घोडा हाकतो. घोड्याने चौखूर उधळायचे नसते. दुडकी चालीनेच किंवा एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकण्याच्या चालीनेच धावायचे असते. ही दुसरी चाल सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ‘रेवाल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चालीच्या जवळची आहे. या खेळासाठी घडवलेल्या स्टँडर्डब्रेड जातीचे मूळ न्यूयॉर्क राज्यातल्याच ऑरेंज काउंटीत आहे. 1849 मध्ये तेथे जन्मलेला हॅम्बल्टोनियन हा घोडा विल्यम रिसडिक या शेतमजुराने आईसह 125 डॉलरना विकत घेतला, आणि आजचे बहुतेक सर्व अमेरिकन ट्रॉटर (दुडकी धावणारे) व पेसर (दुसऱ्या चालीने धावणारे) घोडे आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेऊन भिडवतात. त्याच काउंटीतील गोशेन गावात 1838 पासून शर्यती होत आल्या आहेत.

त्या काळी वेळापत्रक जत्रेचे होते. हंगाम सरत आला की काउंटीची कृषी जत्रा भरायची आणि दुपारी शर्यती व्हायच्या. एकाच शर्यतीच्या दोन-तीन फेऱ्या घेऊन विजेता ठरायचा. घोडा शेजारच्या शेतकऱ्याचा, हाकणारा बहुधा तोच, आणि पाहणारे त्याच्या ओळखीचे. या खेळातील सर्वांत मानाची शर्यत, हॅम्बल्टोनियन स्टेक्स, 1926 मध्ये सिराक्यूज येथे सुरू झाली आणि 1930 पासून गोशेनला आली. ती ऑगस्टमधील एका बुधवारी, भर कामाच्या दिवशी, दुपारी व्हायची, तरीही त्या दिवशी लहानसे गोशेन माणसांनी भरून जायचे. 1943 मध्ये युद्धकाळातील पेट्रोलच्या टंचाईमुळे ती तेवढ्या वर्षापुरती यॉंकर्सला न्यावी लागली, यावरून लांबून येणाऱ्यांची संख्या किती असावी, याची कल्पना येते.

शहरातील नोकरदाराला मात्र बुधवारची दुपार मोकळी नव्हती, आणि जॉर्ज मॉर्टन लेव्ही या वकिलाने नेमके हेच हेरले. न्यूयॉर्क राज्यात 1939 मधील घटनादुरुस्तीने पॅरी-म्युच्युअल पद्धतीची, म्हणजे सर्व पैजांची रक्कम एकत्र करून ती विजेत्यांत वाटण्याची, सोय खुली झाली होती. पुढच्याच वर्षी, 2 सप्टेंबर 1940 रोजी, लेव्ही यांनी शहराच्या पूर्वेकडील लाँग आयलंड या बेटावर वेस्टबरी येथे रूझवेल्ट रेसवेवर विजेच्या दिव्यांखाली शर्यती सुरू केल्या. पहिली वर्षे तोट्याची गेली. शर्यत सुरू होतानाचा गोंधळ हे त्याचे एक मोठे कारण होते, कारण घोडे एका ओळीत येईपर्यंत त्यांना पुन्हा पुन्हा मागे बोलवावे लागे आणि प्रेक्षक कंटाळून जात. 1946 मध्ये येथे मोटारगाडीवर बसवलेले, पंखांसारखे मिटणारे फिरते फाटक वापरात आले. घोडे त्याच्यामागे धावत येतात, गाडी वेग घेऊन बाजूला होते आणि शर्यत ठरल्या मिनिटाला सुरू होते. माझ्या मते या खेळाच्या आधुनिक इतिहासात याहून महत्त्वाची घटना नाही. त्यामुळे रात्रीचा कार्यक्रम घड्याळावर चालू लागला, आणि सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाला घरी परतण्याची वेळ आधीच कळू लागली.

हे सारे लाँग आयलंड झपाट्याने वाढत असताना घडले. युद्धावरून परतलेले सैनिक लेविटाउनसारख्या नव्या वसाहतींत घरे घेत होते आणि विमानांच्या कारखान्यांत पाळ्यांवर काम करत होते. दिवसभराच्या कामानंतर जेवण करून घराजवळच्या रेसवेवर जाणे हा त्यांच्या आठवड्याचा भाग झाला. 1950 मध्ये यॉंकर्सही हार्नेस शर्यतींकडे वळले. मग या दोन ठिकाणांनी वर्ष आपसांत वाटून घेतले. एकाचा हंगाम संपला की दुसऱ्याचा सुरू व्हायचा. 20 ऑगस्ट 1960 रोजी रूझवेल्टवर ‘आंतरराष्ट्रीय ट्रॉट’ ही शर्यत पाहण्यासाठी 54,861 माणसे जमली होती. गर्दीचा तो आकडा आज वाचताना मन हरखते आणि हुरहूरही लागते.

ओहोटी 8 एप्रिल 1971 रोजी सुरू झाली असे म्हणता येईल. त्या दिवशी न्यूयॉर्क शहराने रेसवेबाहेर पैज घेणारी सरकारी केंद्रे उघडली, आणि महापौर जॉन लिंडसे यांनी पहिली पैज रूझवेल्टवरील शर्यतीतल्याच एका घोड्यावर लावली. बेकायदा पैजेचा पैसा शहराच्या तिजोरीत वळवणे हा हेतू होता आणि तो समजण्याजोगा होता. परिणाम मात्र वेगळा झाला. दोन डॉलर लावण्यासाठी आता रूझवेल्टपर्यंत जाण्याची गरज उरली नाही. पाठोपाठ नासाऊ आणि सफोक या लाँग आयलंडच्या काउंटींतही अशी केंद्रे आली. पैज शिल्लक राहिली, पण प्रवेशद्वारावरची तिकिटे, उपाहारगृहाची विक्री आणि शेजाऱ्याबरोबर कठड्यापाशी उभे राहण्याची सवय हळूहळू गेली. कमी झालेले उत्पन्न भरून काढण्यासाठी शर्यतींच्या रात्री वाढवल्या गेल्या, हंगाम हिवाळ्यातही ताणला गेला, आणि एके काळी वाट पाहायला लावणारी गोष्ट रोजची झाली. माझ्या दृष्टीने खरी चूक इथे झाली. प्रेक्षक पातळ होत असताना तोच प्रेक्षक अधिक रात्रींत वाटला गेला, आणि दर रात्रीचे मैदान अधिकच ओसाड दिसू लागले.

1 सप्टेंबर 1976 रोजी हडसन नदीपलीकडे, न्यू जर्सी राज्यात, मेडोलँड्स हे नवे शर्यतीचे मैदान सुरू झाले. रूझवेल्ट व यॉंकर्सची धावपट्टी अर्ध्या मैलाची होती. मेडोलँड्सची पूर्ण मैलाची होती, म्हणून वळणे कमी आणि वेग जास्त. त्याच रात्री, त्याच महानगराच्या प्रेक्षकासाठी दोन कार्यक्रम समोरासमोर उभे राहिले, आणि मोठ्या बक्षिसांमागे उत्तम घोडे व चालक नदी ओलांडून गेले. 1957 पासून इलिनॉय राज्यातील ड्यूक्वॉइनच्या जत्रेत होत असलेली हॅम्बल्टोनियनही 1981 मध्ये मेडोलँड्सला आली. गोशेनने ती एकदा गमावली होती, आता ड्यूक्वॉइनने गमावली. ड्यूक्वॉइनने त्याच वर्षी वर्ल्ड ट्रॉटिंग डर्बी ही स्वतःची मोठी शर्यत सुरू केली आणि 2009 पर्यंत ती जिद्दीने चालवली.

रूझवेल्टची जमीन तोवर शर्यतींपेक्षा मोलाची झाली होती. 15 जुलै 1988 रोजी ते बंद झाले. आज तेथे दुकाने, चित्रपटगृहे आणि घरे आहेत. यॉंकर्स टिकले, पण प्रेक्षकांच्या बळावर नाही. 2001 च्या राज्य कायद्याने रेसवेंवर व्हिडिओ लॉटरीची, म्हणजे पडद्यावर जुगार खेळण्याची, यंत्रे बसवण्यास मुभा दिली, आणि 2006 मध्ये यॉंकर्सला ती सुरू झाली. यंत्रांच्या उत्पन्नातील ठरलेला हिस्सा बक्षिसांत जाऊ लागला, त्यामुळे बक्षिसे फुगली आणि तबेले सावरले. घोडे पाळणाऱ्या, नाल ठोकणाऱ्या, चारा पिकवणाऱ्या कित्येक घरांची चूल यावर पेटती राहिली, हे विसरून या कायद्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पण त्यानंतर शर्यत केव्हा ठेवायची, हा प्रश्न आसपासच्या वस्तीला विचारण्याचे आर्थिक कारणच उरले नाही. वेळ ठरू लागली ती दूरवर प्रक्षेपण पाहणाऱ्यांच्या सोयीने, आणि रविवार सकाळचे फ्रेंच वेळापत्रक हे त्याचे पुढचे पाऊल होते.

गोशेनचा जुना ट्रॅक मात्र अजून आहे. गावाच्या मध्यभागी, घरांच्या परसदारांना लागून असलेल्या त्या अर्ध्या मैलाच्या पट्टीवर उन्हाळ्यात मोजकेच दिवस शर्यती होतात. शेजारीच 1951 मध्ये स्थापन झालेले हार्नेस शर्यतींचे संग्रहालय आहे. त्या जुन्या ट्रॅकवरील शर्यतींची वेळ अजूनही दुपारची आहे.