लांबचे गॅलेक्सी क्लस्टर खरंच बदललेत का? एक्स-रेच्या वादाची पार्श्वभूमी

खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या डिश जवळ असल्यामुळे पुण्यात क्लस्टरची, म्हणजे दीर्घिकांच्या मोठ्या समूहांची, चर्चा बहुतेक वेळा रेडिओ हेलोवरूनच (क्लस्टरभर पसरलेल्या मंद रेडिओ झळाळीवरून) सुरू होते, पण तो हेलो ज्या गरम गॅसमध्ये असतो तो गॅस सापडला एक्स-रेमध्ये. 1970 ला उहुरू हा एक्स-रे उपग्रह गेला, कोमा, पर्सियस हे क्लस्टर पसरट स्रोत म्हणून दिसले, 1976 ला पर्सियसच्या एक्स-रे वर्णपटात लोखंडाची रेषा मिळाली आणि गॅस थर्मल आहे, म्हणजे निव्वळ गरम असल्यामुळे चमकतो, हे पक्कं झालं. हे सगळे जवळचे क्लस्टर.

लांबच्यांचा हिशोब सुरू झाला 1978 च्या आइन्स्टाइन या एक्स-रे उपग्रहापासून. दुसऱ्याच कशाची तरी निरीक्षणं चालू असताना त्याच फ्रेममध्ये जे जे आलं त्याची यादी करत करत एक सर्वे उभा राहिला, आणि नव्वदच्या सुरुवातीला त्यातून निघालं की रेडशिफ्ट (आकडा जितका मोठा, तितकं लांब आणि तितकं जुनं) 0.3 च्या पलीकडे फार तेजस्वी क्लस्टर कमी पडतायत. यावर बरीच वर्षं वाद चालला. आक्षेप असा, की स्रोत शोधायची चौकट होती 2.4 कलामिनिटांची (कलामिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), क्लस्टर पसरतो त्याहून मोठा, मग बाहेर सांडलेला प्रकाश मॉडेल लावून वाढवून घ्यावा लागतो, आणि मॉडेल चुकलं तर आकडाही चुकला. त्यात रोसाट या नंतरच्या एक्स-रे उपग्रहाच्या खोल निरीक्षणांवरून 1998 पर्यंत दिसलं की मध्यम तेजाचे क्लस्टर रेडशिफ्ट 0.8 पर्यंत जवळपास आजच्याइतकेच आहेत, आणि मग लोक सरसकट म्हणायला लागले की काही बदललेलंच नाही.

माझ्या मते इथे जुन्या सर्वेवर अन्याय झाला. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तेजाच्या क्लस्टरबद्दल बोलत होत्या! खोल निरीक्षणं आकाशाच्या लहानशा तुकड्याची, तेवढ्यात दुर्मिळ, प्रचंड तेजस्वी क्लस्टर सापडणार तरी किती? रोसाटचेच जास्त आकाश व्यापणारे सर्वे आले तेव्हा वरच्या टोकाची घट परत दिसलीच.

आणि आइन्स्टाइनच्या याच जुन्या यादीतला एमएस 1054 हा क्लस्टर बघा. रेडशिफ्ट 0.83, म्हणजे विश्वाचं वय आजच्या जेमतेम निम्मं, आणि आस्का उपग्रहाने 1998 च्या सुमारास गॅसचं तापमान मोजलं तर 12 केईव्हीच्या आसपास, अंशांत 14 कोटी. नंतर चंद्रा या एक्स-रे दुर्बिणीने ते थोडं खाली आणलं, तरी विश्वात द्रव्य क्रांतिक घनतेइतकं (प्रसरण जेमतेम थोपवता येईल इतकं) ठासून भरलेलं असतं तर इतका जड क्लस्टर इतक्या लवकर मिळणं जवळपास अशक्यच होतं. कमी द्रव्याच्या विश्वाला हा तगडा पुरावा होता, विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने चालल्याचा सुपरनोव्हाचा निकाल आला त्याच सुमाराचा, पण सुपरनोव्हाचं नाव झालं आणि क्लस्टरचं मागे पडलं.

1999 ला चंद्रा आणि एक्सएमएम या एक्स-रे दुर्बिणी अवकाशात गेल्या, 2005 मध्ये एक्सएमएमच्या डेटातून रेडशिफ्ट 1.39 चा क्लस्टर मिळाला. पुढे प्लँक उपग्रहाने एक्स-रेऐवजी क्लस्टरचा गॅस पार्श्वभूमीच्या मायक्रोवेव्ह प्रकाशात पाडतो त्या सावलीवरून क्लस्टर शोधले, तर त्यात विस्कटलेले, न स्थिरावलेले क्लस्टर जास्त निघाले. गार, दाट गाभ्याचे क्लस्टर एक्स-रेत आधी डोळ्यात भरतात, त्यामुळे तिथल्या याद्या त्यांच्याकडे झुकतात. इरोझिटा या एक्स-रे दुर्बिणीच्या 2024 च्या यादीत 12,000 हून जास्त क्लस्टर आहेत, बहुतेक रेडशिफ्ट 1 च्या अलीकडचे, आणि त्यातही कुठला क्लस्टर कशामुळे निसटला असेल हे तपासायला आधी आख्खं खोटं आकाश कॉम्प्युटरवर बनवून त्यावर शोध चालवावा लागला.