डोक्यातील उवा

ऊ हा माणसाच्या डोक्यावरील केसांत राहणारा आणि तेथील त्वचेतून रक्त शोषून जगणारा बिनपंखी कीटक आहे. त्याचे शास्त्रीय नाव पेडिक्युलस ह्यूमॅनस कॅपिटिस असे आहे. पूर्ण वाढलेली ऊ तिळाएवढी, म्हणजे २ ते ३ मिलिमीटर लांबीची असते. तिचा रंग करडा किंवा तपकिरी असून रक्त प्यायल्यावर ती काळपट दिसते. तिच्या सहाही पायांच्या टोकांना आकड्यासारखी नखे असतात आणि त्यांनी ती केस इतका घट्ट धरते, की डोक्यावरून न्हाताना किंवा पोहतानाही ती सुटत नाही. तिला उडता येत नाही की उडी मारता येत नाही.

मादी साधारण महिनाभर जगते आणि रोज ६ ते १० अंडी घालते. या अंड्यांनाच लिखा म्हणतात. प्रत्येक लीख केसाच्या मुळाशी, डोक्याच्या उबेत, मादीच्या अंगातून स्रवणाऱ्या चिकट द्रवाने डकवलेली असते. हा द्रव वाळून इतका कडक होतो, की लीख नखांच्या चिमटीत धरून केसाच्या टोकापर्यंत ओढत न्यावी लागते. कोंडा मात्र फुंकरीनेही उडतो, आणि दोहोंतला फरक ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे. साधारण ७ ते १० दिवसांत लीख फुटून पिल्लू बाहेर येते व तीनदा कात टाकून आणखी ९ ते १२ दिवसांत अंडी घालण्याजोगे होते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळे मुळापासून त्याहून दूर दिसणाऱ्या लिखा बहुधा फुटून गेलेली पांढरी टरफले असतात. केवळ ती दिसली म्हणून औषध लावण्याचे कारण नाही. जिवंत ऊ सापडायला हवी.

उवा अस्वच्छतेमुळे होतात हा समज खोटा आहे, आणि त्याने मुलींचे फार नुकसान केले आहे. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही उवा तितक्याच सुखाने राहतात, कारण त्यांना हवे असते ते रक्त आणि ऊब. त्या पसरतात त्या मुख्यतः डोक्याला डोके लागल्याने: एका बाकावर वहीत डोके घालून बसलेल्या मैत्रिणी, एका अंथरुणावर झोपणारी भावंडे, आईच्या कुशीतले मूल. कंगवा, टोपी किंवा उशी यांतून होणारा प्रसार त्यामानाने कमी असतो, कारण डोक्यापासून सुटलेली ऊ एक-दोन दिवसांत उपासमारीने मरते. कुत्र्या-मांजरांपासून या उवा माणसाला होत नाहीत. मुलीला वर्गात वेगळे बसवणे किंवा तिचे केस भादरणे ही शिक्षा आहे, उपचार नव्हे.

खाज ही उवेच्या लाळेची ॲलर्जी असते. पहिल्यांदाच उवा झालेल्या मुलाला ती सुरू व्हायला चार ते सहा आठवडेही लागू शकतात, त्यामुळे घरात एकाचे डोके खाजू लागेपर्यंत इतरांच्या डोक्यांतही उवा पोचलेल्या असतात. खाजवून झालेल्या जखमा चिघळतात, मानेवरच्या गाठी सुजतात. प्रलापक सन्निपात ज्वर, म्हणजे टायफस, पसरवते ती डोक्यातली नव्हे, तर अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी १९०९ मध्ये ट्यूनिस येथे हे दाखवले व त्यासाठी त्यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

उवा काढण्याचे सर्वांत जुने साधन फणी हेच आहे. इस्राएलमधील लाखीश येथे सापडलेल्या सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीच्या हस्तिदंती फणीवर, या हस्तिदंताने केसांतल्या व दाढीतल्या उवा निघून जावोत, अशा आशयाचा कनानी, म्हणजे त्या प्रदेशातील प्राचीन भाषेतला, लेख कोरलेला आहे. आजही पद्धत तीच. केस ओले करून त्यांना भरपूर कंडिशनर किंवा तेल लावावे, म्हणजे उवांची पळापळ थांबते. मग चांगल्या उजेडात एकेक बट सुटी करून बारीक दातांची फणी मुळापासून टोकापर्यंत ओढावी आणि दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसून पाहावे. कानांमागे व मानेच्या वरच्या भागात विशेष शोधावे. लांब, दाट केसांना तासभर सहज लागतो, आणि हे दर तीन-चार दिवसांनी किमान दोन आठवडे करावे लागते.

औषधांत एक टक्का परमेथ्रिन हे कीटकनाशक प्रचलित आहे, पण त्याला दाद न देणाऱ्या उवा आता अनेक देशांत आढळतात. डायमेथिकोन हे सिलिकॉन तेल उवेला विषबाधा करत नाही; ते तिला गुदमरवते, म्हणून तेथे ही अडचण कमी येते. बहुतेक औषधांनी लिखा पूर्णपणे मरत नाहीत. म्हणूनच ७ ते १० दिवसांनी, नवी पिल्ले अंडी घालण्यापूर्वी, दुसऱ्यांदा औषध लावणे आवश्यक असते, आणि नेमके तेच बहुतेक घरांत राहून जाते.

महाराष्ट्रात सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावण्याची रीत जुनी आहे. या बियांत कीटकनाशक द्रव्ये खरोखरच असतात, पण तो लेप किंवा भुकटी डोळ्यांत गेल्यास बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊन असह्य वेदना होतात व काही काळ दिसेनासेही होते. असे रुग्ण भारतातील नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. डोळ्यांत गेल्यास ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. रॉकेल तर डोक्याला कधीही लावू नये. त्याने त्वचा भाजते आणि जवळ चूल किंवा दिवा असल्यास केस पेट घेतात.