विघटक

मृत वनस्पती, प्राण्यांचे अवशेष व विष्ठा यांतील गुंतागुंतीची सेंद्रिय द्रव्ये मोडून त्यांचे साध्या खनिज द्रव्यांत रूपांतर करणाऱ्या सजीवांना विघटक म्हणतात. जिवाणू व कवके हे मुख्य विघटक होत. गांडूळ, वाळवी, शेणकिडे हे प्राणी अवशेषांचे बारीक तुकडे करतात, त्यामुळे त्यांना काटेकोर अर्थाने अवशेषभक्षक म्हणणे योग्य ठरते. मेलेल्या जनावरावर उतरणारे गिधाड मात्र विघटक नव्हे.

अन्नसाखळीच्या आकृतीत विघटकांना शेवटच्या कडीपाशी बसवण्याचा प्रघात दिशाभूल करणारा आहे. गवत, नाकतोडा, बेडूक, साप अशा प्रत्येक पातळीवरून मृत द्रव्य त्यांच्याकडे येते. इतकेच नव्हे, तर जमिनीवरील बहुतेक परिसंस्थांत वनस्पतींनी तयार केलेल्या द्रव्याचा मोठा भाग कोणाच्याही चरण्यात न येता थेट त्यांच्याच वाट्याला जातो. नत्र, स्फुरद, पालाश त्यांच्यामुळे पुन्हा मुळांना मिळतात. ऊर्जा मात्र उष्णतेच्या रूपाने निघून जाते.

मराठवाड्याच्या अवर्षणप्रवण काळ्या जमिनीत या कामाचा वेग ओलाव्यावर ठरतो. वैशाखात रानाला भेगा पडलेल्या असताना ज्वारीची धसकटे महिनोन्महिने तशीच राहतात; त्या काळात कोरड्या काड्यांवर वाळवीच काय ती काम करते. तिच्या काही जाती वारुळात कवकाची लागवड करतात आणि पावसाळ्यात त्यातूनच अळंबी वर येतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर दरवळणाऱ्या मातीच्या वासामागे मुख्यतः स्ट्रेप्टोमायसिस गटातील जिवाणूंनी तयार केलेले जिओस्मिन हे द्रव्य असते.

कपाशीची पऱ्हाटी, म्हणजे वेचणीनंतर उरलेली वाळकी झाडे, कुजण्यास चिवट असते, कारण तिच्यात लिग्निन हे लाकडाला कठीणपणा देणारे द्रव्य बरेच असते आणि ते पूर्णपणे मोडण्याची क्षमता प्रामुख्याने काही कवकांतच आढळते. शिवाय तिच्यात कर्बाच्या मानाने नत्र फार कमी असल्याने ती कच्चीच जमिनीत गाडली, तर जिवाणू स्वतःच्या वाढीसाठी मातीतला नत्र उचलतात व पुढचे पीक काही काळ पिवळे पडते. अनेक शेतकरी पऱ्हाटी जाळून टाकतात; त्यामागे केवळ आळस नसतो. गुलाबी बोंडअळी तिच्यावर राहिलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत तग धरते, हेही खरे कारण आहे. मात्र जाळल्याने कर्ब व बहुतांश नत्र हवेत जातो. पऱ्हाटीचे बारीक तुकडे करून शेणकाल्यासह ढीग लावल्यास व कर्ब-नत्र गुणोत्तर ३०:१ च्या आसपास राखल्यास, जिवाणूंच्या क्रियेने ढिगाचे तापमान ५५ ते ६५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. त्या उष्णतेत अळ्या मरतात आणि तणांचे बहुतेक बीही निकामी होते.