तिसऱ्या दिवसाची उडी

नसबंदीच्या ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मनी फ्रिजवर बसलेली सापडली. साडेचार महिन्यांचं मांजरीचं पिल्लू, वजन जेमतेम पावणेदोन किलो, पोटावर बोटाच्या पेराएवढी शिवण आणि गळ्यात प्लास्टिकचा कोन. आदल्या दोन रात्री ती मलूल पडून होती आणि आम्ही आळीपाळीने जागत होतो. आता ती वरून आमच्याकडे अशी बघत होती, की ऑपरेशन जणू आमचंच झालं होतं. आई म्हणाली, "चला, बरी झाली बाई एकदाची." डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "खाली उतरवा तिला. खरी काळजी आत्ताच घ्यायची आहे."

हे उलटं का, ते कळायला पोटात काय झालंय ते बघावं लागतं. मांजरीच्या नसबंदीत दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक ठिकाणी गर्भाशयही काढतात. मांजर चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते, म्हणून हे इतक्या लहान वयात करतात. सहा महिन्यांच्या आत नसबंदी झाली तर पुढे स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता ९१ टक्क्यांनी घटते, असं २००५च्या एका अभ्यासात आढळलं होतं. वरून दिसते ती एक रेघ, पण आत दोन-तीन थर वेगवेगळे शिवलेले असतात. त्यातला महत्त्वाचा थर म्हणजे पोटाच्या मधोमध, उभी जाणारी पांढरी चिवट पट्टी. दोन्ही बाजूंचे स्नायू तिथे येऊन मिळतात. तिच्यात रक्तवाहिन्या अगदी थोड्या, त्यामुळे तिथे काप घेतला तर रक्त फारसं येत नाही. पण आतड्यांचा भार आणि प्रत्येक उडीचा हिसका येतो तो याच पट्टीवर. (काही डॉक्टर कुशीतून काप घेतात. तिथे स्नायूंचे थर शिवावे लागतात, बाकी गोष्ट तीच.) कातडीचा एखादा टाका सुटला तर धावपळ होते. आतले टाके सुटले तर जिवावर बेततं.

जखम भरते म्हणजे नेमकं काय होतं? काही मिनिटांत रक्त साकळतं आणि काप बुजतो. मग पांढऱ्या पेशी येतात आणि जंतू, मेलेल्या पेशी, कचरा उचलायला लागतात. सुरुवातीचा लालसरपणा आणि सूज ही या साफसफाईचीच खूण. नवं विणकाम अजून सुरूच झालेलं नसतं. विणणाऱ्या पेशी तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास कामाला लागतात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे घालू लागतात. तेही आधी बारीक आणि वेडेवाकडे. ते काढून जाड, ताणाच्या दिशेने बसलेले धागे घालण्याचं काम पुढे कित्येक महिने चालतं. तीन आठवड्यांनीसुद्धा जखमेत मूळ कातडीच्या एक तृतीयांशाच्या आसपासच ताकद आलेली असते. पूर्वीइतकी ती पुन्हा कधीच होत नाही, फार तर ८० टक्क्यांपर्यंत पोचते.

यातली फसवी गोष्ट अशी, की कातडीचा अगदी वरचा पापुद्रा एक-दोन दिवसांतच काप ओलांडून पलीकडे पोचतो. जखम बंद दिसते, कोरडी दिसते. भूल उतरलेली असते, दुखणं कमी झालेलं असतं. म्हणजे तिसऱ्या दिवशी पिल्लाचा उत्साह टोकाला पोचलेला आणि जखमेची स्वतःची ताकद जवळजवळ शून्य. सगळा भार दोऱ्यावर.

हा दोराही गमतीदार आहे. आतल्या टाक्यांसाठी हल्ली बहुतेक वेळा विरघळणारे कृत्रिम धागे वापरतात. व्हिक्रिल हे त्यातलं एक ओळखीचं नाव. अंगातल्या पाण्यानेच तो हळूहळू तुटत जातो. दोन आठवड्यांनी त्याची साधारण तीन चतुर्थांश ताकद उरते, तीन आठवड्यांनी निम्मी, आणि ५६ ते ७० दिवसांत तो नाहीसा होतो. इकडे धागा खचत जातो, तिकडे कोलॅजेन वाढत जातं आणि भार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. (पूर्वी यासाठी कॅटगट वापरत. नावात कॅट असली तरी तो मेंढीच्या किंवा गाईगुरांच्या आतड्यापासून करतात. मनीला हे सांगून ठेवलंय.)

मांजरांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्र्यांच्या आणि मांजरांच्या शिवलेल्या जखमा सातव्या दिवशी ताणून बघितल्या, तेव्हा मांजरांच्या जखमेची ताकद कुत्र्यांच्या निम्मीच भरली. म्हणजे "शेजाऱ्यांचा कुत्रा आठवड्यात धावायला लागला" हा दाखला इथे उपयोगाचा नाही.

तेव्हा फ्रिजवरून उतरवून मनीची रवानगी छोट्या खोलीत झाली. पलंग नाही, टेबल नाही, खिडकीची कड नाही, गादी जमिनीवर. दहा ते चौदा दिवस. तिने पहिले दोन दिवस दार खरवडून आमचा उद्धार केला. तिच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू काढून फाटलेले वर्तमानपत्राचे तुकडे घातले, कारण गोळा होणारी बारीक वाळू ओल्या टाक्यांना चिकटते. आंघोळ अर्थातच नाही. आमच्याकडे भर पावसाळा होता, त्यामुळे फरशी कोरडी ठेवणं आणि माश्या-मुंग्यांवर नजर ठेवणं हेही काम होतं. उघड्या ओल्या जखमेवर माशी बसली तर किडे पडायला वेळ लागत नाही.

राहिला कोन. "मांजर चाटून चाटून जखम बरी करते" असं घरोघरी म्हणतात. लाळेत जंतू मारणारे काही घटक असतात, ते खरं. पण त्याच तोंडात पाश्चुरेलासारखे जंतूही सुखाने नांदत असतात, आणि जीभ तर किसणीच. मांजरीच्या जिभेवर जवळजवळ २९० टोकदार काटे असतात. जॉर्जिया टेक या अमेरिकेतल्या संस्थेच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की या काट्यांची टोकं पळीसारखी खोलगट असतात आणि लाळ उचलून केसांच्या मुळापर्यंत नेतात. गुंतलेले केस सोडवायला याहून चांगलं हत्यार नाही. टाके सोडवायलाही नाही. कोन नाकाच्या शेंड्यापुढे थोडा आलेला हवा, नाहीतर ती मान वळवून बरोबर पोचते. अगदीच खाईना-पिईना झालं, तर डोळ्यांसमोर बसवून तेवढ्यापुरता काढावा आणि लगेच घालावा. कापडी अंगरखाही चालतो, पण तो ओला झालाय का ते दिवसातून चारदा बघावं लागतं.

आता हळद. माझ्या आजीने सुचवलंच, "चिमूटभर दाबली की झालं!" हळदीबद्दल माझं काही वाकडं नाही. पण शिवलेल्या जखमेत डब्यातली पूड गेली की ती शरीराच्या दृष्टीने कचराच, तो उचलायला पेशींना आणखी काम. शिवाय पिवळ्या रंगाखाली लाली दिसतच नाही, आणि लालीवरच तर आपण नजर ठेवून असतो. डेटॉलचं प्रकरण जास्त गंभीर आहे. ते आणि पॅरासिटामॉल ही दोन्ही फिनॉल घराण्यातली रसायनं. माणसाचं यकृत असल्या रसायनांना साखरेसारखा एक रेणू जोडतं आणि लघवीवाटे बाहेर घालवतं. हे काम करणाऱ्या विकरांपैकी (एन्झाइम्सपैकी) एका महत्त्वाच्या विकराचं जनुक मांजरांत मोडकं आहे. घरच्या मांजरातच नाही, सिंह-बिबट्यांतही. कारण बहुधा असं, की फिनॉलसारखी विषं मुख्यतः वनस्पतींत असतात आणि मार्जारकुळाने लाखो वर्षं निव्वळ मांस खाल्लं. न वापरलेलं हत्यार गंजलं. त्यामुळे "दुखत असेल बिचारीला" म्हणून दिलेली क्रोसिनची, म्हणजे पॅरासिटामॉलचीच, अर्धी गोळी मनीएवढ्या पिल्लाचा जीव घेऊ शकते: रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी पडतात, तोंड सुजतं. मांजरासाठी डॉक्टरांनी मोजून दिलेलं औषध सोडून काहीही नाही, जखमेवर मलमसुद्धा नाही. जखमेला फक्त बघायचं. आम्ही रोज सकाळी एकाच खिडकीपाशी एक फोटो काढत होतो. रोज बघणाऱ्या डोळ्याला फरक कळत नाही, फोटोंना कळतो.

सातव्या दिवशीच्या फोटोत शिवणीखाली शेंगदाण्याएवढी गाठ दिसली आणि आमच्या पोटात गोळा आला. निघाला तो टाक्यांच्या धाग्याभोवती जमलेला पेशींचा घोळका. मांजरांत हे बरंच दिसतं: टणक, न दुखणारी, लाल नसलेली गाठ, धागा विरघळला की काही आठवड्यांत जिरते. गाठ मऊ असेल, दाबल्यावर आत जाते असं वाटत असेल किंवा वाढत असेल, तर आतला थर सुटल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिसऱ्या दिवसानंतर लाली वाढणं, पू, वास, थेंबथेंब रक्त, पांढुरक्या हिरड्या किंवा पिल्लाने दिवसभर अन्नाला तोंड न लावणं, यांसाठीही उद्याची वाट बघू नये. आतडं बाहेर दिसलंच, तर ते आत ढकलायचं नाही. सलाईनने भिजवलेल्या स्वच्छ कापडात धरून थेट निघायचं.

दुखतंय का हे मांजर सांगत नाही. घुरघुरण्यावर विश्वास ठेवू नये, मांजरं वेदनेतही घुरघुरतात. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली यासाठी चेहरा वाचायची एक पद्धत तयार केली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची उंची या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. कान बाहेरच्या बाजूला पडलेले, डोळे बारीक, मिशा ताठ आणि डोकं खांद्याच्या खाली, तर दुखतंय. बेरीज दहापैकी चार किंवा जास्त झाली की वेदनाशामकाचा विचार करतात. पहिल्या रात्री मनीला आम्ही पाच गुण दिले होते, तिसऱ्या दिवशी फ्रिजवर शून्य.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी पोटावरून बोट फिरवलं, मान डोलावली आणि कोन काढला. मनी टेबलावरच बसली आणि भादरलेल्या पोटावर उगवलेली मखमली लव चाटायला लागली. एवढ्या दिवसांची थकबाकी होती. रिक्षातही तिचं तेच चालू होतं.