इंजिनावर बसवलेले मेयर आणि मानवी ढालीचा कायदा

सीताबर्डीच्या किल्ल्यावर फौज आहे हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे, पण रोजच्या धावपळीत कोणाच्या डोक्यात राहत नाही. खाली बर्डीचं मार्केट, एका अंगाला रेल्वे स्टेशन, दुसरीकडे मेट्रोचं इंटरचेंज, दिवाळीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते, आणि वर टेकडीवर आर्मी. आपल्यासारख्याला आत जायला मिळतं ते २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला, बाकी वर्षभर खालूनच बघायचं.

हे आठवायचं कारण म्हणजे परवा सकाळी सिव्हिल लाइन्सजवळ तर्री पोहे खात होतो, टीव्हीवर गाझाची बातमी, खाली "मानवी ढाल" (हल्ला टाळायला लोकांना मुद्दाम पुढं करणं) अशी पट्टी पळत होती, आणि बाजूचा एक पोरगा म्हणे, "लोकवस्तीत फौज ठेवली म्हणजे झालीच ना बे मानवी ढाल, मग समोरच्यानं बॉम्ब टाकला तर त्याची काय चूक?" माझ्यासोबत एक वकील काका होते, कोर्टात केस पांढरे झालेले. ते म्हणाले, "भाऊ, मग तुझी आई बर्डीवर साडी घ्यायला जाते तेव्हा ती बी ढालच झाली का?" पोरगा गप्प झाला. पण त्याचा प्रश्न काही येडा नव्हता, जगातले मोठमोठे वकील यावरच भांडून राह्यले, म्हणून जरा मागं जाऊन बघू.

आपल्याकडे हा विषय निघाला की कोणीतरी शिखंडीचं नाव काढतंच. अर्जुन मागे, शिखंडी पुढे, आणि भीष्म शस्त्र उचलत नाहीत. पण शिखंडी स्वतः योद्धा होता, आपल्या मर्जीनं रणात उतरलेला, त्यामुळे कायद्याच्या हिशोबात तो ढाल बसत नाही. एक गोष्ट मात्र तिथं बरोबर दिसते, की हा डाव ज्याला काही नियम आहे त्याच्यावरच चालतो. ज्याला पुढं कोण उभं आहे यानं फरक पडत नाही त्याच्यासमोर कोणालाही उभं करून फायदा नाही.

आधुनिक युद्धात याचं ठळक उदाहरण रेल्वेचं आहे. १८७० मध्ये प्रशिया आणि फ्रान्सचं युद्ध लागलं, जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, त्यांचा सगळा दाणागोटा रेल्वेनं यायचा आणि फ्रान्सचे गनिमी टोळीवाले रूळ उखडायचे. तर जर्मनांनी उपाय काय काढला, गावातले मेयर, सावकार, मोठी माणसं धरायची आणि इंजिनावर बसवायची, उडवा आता गाडी. आपल्याकडं कोणी गावच्या पाटलाला काटोलच्या पॅसेंजरच्या इंजिनावर बांधून ठेवला असं समजा. तीस वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांनी तिथल्या डच वंशाच्या बोअर लोकांसोबत हेच केलं, १९०० च्या जूनमध्ये सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सचा तसा हुकूमच निघाला, काही आठवड्यांत मागं घ्यावा लागला ती गोष्ट वेगळी. त्याच्याही आधी, १८६४ ला अमेरिकेच्या यादवीत, चार्ल्स्टनपाशी दोन्ही बाजूंनी एकमेकांचे कैदी अफसर तोफांच्या माऱ्यात आणून ठेवले होते, तुम्ही केलं म्हणून आम्ही केलं या हिशोबानं. आणि तेव्हा याला थेट गुन्हा म्हणणारा कोणताही करार नव्हता.

पहिला स्पष्ट नियम आला १९२९ च्या जिनिव्हा करारात, तोही फक्त युद्धकैद्यांपुरता, की कैद्याला ठेवून एखादी जागा बॉम्बपासून वाचवायची नाही. साध्या नागरिकांचं नाव नाही. त्याचा निकाल १९४४ ला वॉर्साच्या उठावात दिसला, जर्मन रणगाड्यांच्या पुढं पोलिश बायामाणसं हाकलत न्यायचे. मग १९४९ चे चार जिनिव्हा करार झाले आणि चौथ्या कराराच्या कलम २८ मध्ये नागरिकही आले. पण त्यातही मेख होती, हे संरक्षण मुख्यतः शत्रूच्या ताब्यात सापडलेल्यांना. स्वतःच्याच लोकांना पुढं केलं तर काय, हे राहूनच गेलं.

ती फट बुजवली जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या पहिल्या प्रोटोकॉलनं (पुरवणी करारानं), आणि सगळी गंमत याच्या कलम ५१ मध्ये आहे. उपकलम ७ म्हणतं, लष्करी ठिकाण वाचवायला किंवा हल्ल्याला आडोसा म्हणून नागरिकांचा वापर करायचा नाही, मग ते कोणाचेही असोत. बरेच लोक इथंच वाचन थांबवतात. पुढचं उपकलम ८ म्हणतं की एकानं हा नियम मोडला तरी दुसऱ्याची नागरिकांबद्दलची जबाबदारी संपत नाही. म्हणजे ढाल पुढं करणारा गुन्हेगार, पण म्हणून समोरच्याला ढालीसकट उडवायचं लायसन मिळत नाही, त्याला पुन्हा बघावंच लागतं की लष्करी फायदा किती आणि मरणारे लोक किती. हा मोजमापाचा भाग सगळ्यात अवघड. काही देशांचे वकील म्हणतात की स्वतःहून येऊन उभे राहिले त्यांना या मोजणीतून वगळा, बाकीचे म्हणतात बंदुकीच्या धाकात कोण स्वतःहून आलं हे वरून विमानातून कसं कळणार. मला दुसऱ्यांचं पटतं.

आणि बर्डीचं उत्तर त्याच प्रोटोकॉलच्या कलम ५८ मध्ये आहे. दाट वस्तीत किंवा वस्तीजवळ लष्करी ठिकाणं ठेवणं टाळा, पण "जमेल तितकं". जुना किल्ला शहराच्या मधोमध येऊन बसला, शहर त्याच्याभोवती वाढलं, याला निष्काळजीपणा म्हणता येईल फार तर, मानवी ढाल नाही. ढाल म्हणायला हेतू लागतो, लोक आहेत म्हणून वाचू असा. टीव्हीवरच्या भांडणात हा फरक पहिला गायब होतो.

हा शब्द घरोघरी गेला तो १९९० ला. सद्दामनं कुवेत घेतला, पाश्चात्त्य देशांच्या लोकांना अडकवलं, त्यांना "पाहुणे" म्हटलं आणि महत्त्वाच्या कारखान्यांवर, तळांवर नेऊन ठेवलं. एका लहान इंग्रज पोराच्या डोक्यावरून हात फिरवतानाचं त्याचं फुटेज जगानं पाहिलं. (आपल्या लाखाहून जास्त लोकांना तेव्हा एअर इंडियानं आणलं, तो वेगळा किस्सा.) १९९५ ला बोस्नियात सर्बांनी यूएनच्या शांतिसैनिकांनाच दारूगोळ्याच्या कोठारापाशी साखळ्यांनी बांधलं. मग १९९८ च्या रोम कायद्यात, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय उभं करणाऱ्या करारात, हा युद्धगुन्हा म्हणून लिहिला गेला, तोही देशादेशांतल्या युद्धापुरता. २००३ ला उलटंच झालं, लंडनहून डबलडेकर बसमध्ये बसून काही लोक स्वतःच बगदादला ढाल व्हायला गेले.

दोघंही दोषी असू शकतात हे बघायचं तर श्रीलंका बघा. २००९ च्या शेवटच्या महिन्यांत समुद्राकाठच्या एका चिंचोळ्या पट्टीत तीन लाखांवर तमिळ लोक अडकले होते. यूएनच्या तज्ज्ञांनी २०११ मध्ये लिहिलं की एलटीटीईनं (तमिळ बंडखोर संघटनेनं) लोकांना बाहेर पडू दिलं नाही, पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या, त्यांची भिंत केली. त्याच अहवालात हेही आहे की सरकारनं स्वतःच जाहीर केलेल्या नो फायर झोनवर आणि दवाखान्यांवर तोफा डागल्या. ४० हजारांपर्यंत नागरिक मेले असणं नाकारता येत नाही, असं ते म्हणतात. कोलंबोवाले पहिला भाग वाचून दाखवत, एलटीटीईचे समर्थक दुसरा.

गाझातही तेच चाललंय. २०१४ ला यूएनच्या संस्थेनं स्वतःच सांगितलं की तिच्या रिकाम्या शाळांत रॉकेट सापडले. दुसरीकडं इस्रायली सैनिक पॅलेस्टिनी शेजाऱ्याला पुढं घालून दार ठोठवायला लावायचे, ती पद्धत २००५ मध्ये इस्रायलच्याच सुप्रीम कोर्टानं बंद केली. न्यायमूर्ती बराक यांचं म्हणणं असं, की फौजेसमोर उभ्या माणसाची संमती ही संमतीच नसते. तरी २०२४ च्या जूनमध्ये वेस्ट बँकेतल्या जेनिनला एका जखमी पॅलेस्टिनीला जीपच्या बॉनेटवर बांधून नेल्याचा व्हिडिओ आला, लष्कर म्हणालं हे आमच्या आदेशाविरुद्ध झालं.

तो व्हिडिओ पाहून मला आपलीच जीप आठवली. ९ एप्रिल २०१७, काश्मीरमधलं बडगाम, लोकसभेच्या पोटनिवडणुकीचा दिवस, शाली विणणारा एक तरुण जीपच्या पुढं बांधलेला आणि गावागावांतून फिरवलेला. लष्कराचं म्हणणं, दगडफेकीतून निवडणूक कर्मचाऱ्यांना काढायचं होतं. तरुणाचं म्हणणं, मी तर मत देऊन आलो होतो. त्याला बांधायला लावणाऱ्या मेजरला पुढच्या महिन्यात लष्करप्रमुखांचं प्रशस्तिपत्र मिळालं. राज्याच्या मानवी हक्क आयोगानं तरुणाला १० लाख द्या म्हटलं, राज्य सरकारनं नाही म्हटलं. तेव्हा आपल्या इथं चौकाचौकात वाहवा चालू होती, मीही कुठं काही बोललो नव्हतो.

त्या दिवशी पोह्याच्या ठेल्यावर काकांना विचारलं, की यात कायदा कोणता लागतो? ते म्हणाले, १९४९ च्या करारात भारत आहे, १९७७ च्या प्रोटोकॉलमध्ये नाही, रोममध्येही नाही, आणि काश्मीरला सरकार युद्ध मानतच नाही. रेड क्रॉसच्या २००५ च्या अभ्यासात ही बंदी रूढीनं, म्हणजे करारावर सही नसली तरी, सगळीकडे, देशांतर्गत संघर्षातही लागू आहे असं म्हटलंय, पण रूढी घेऊन कोर्टात उभं राहणं सोपं नसतं. आपला १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे, जबर उल्लंघनाला त्यात शिक्षाही आहे. "कलम १७ बघ फक्त," काका म्हणाले. घरी येऊन बघितलं. सरकारनं किंवा सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्यानं तक्रार केल्याशिवाय कोर्टाला दखलच घेता येत नाही.